सिनेटरची मुदत

नव्वदच्या दशकात अबुधाबीतल्या एका ऑफिसात मी सेक्रेटरी होते. साहेब अमेरिकन, साठीला आलेले. त्यांच्या आईचे आजोबा एकोणिसाव्या शतकात सिनेटर होते. साहेब त्यांचं चरित्र टेपवर सांगत आणि जेवणाच्या सुट्टीत मी ते टाइप करी. अमेरिकेत नव्वदीला टेकलेल्या आईची आठवण विरत चालली होती. ती पुरती पुसायच्या आत पुस्तक तिच्या हाती पडावं, एवढीच साहेबांची घाई होती.

सिनेटर खोगीर शिवणाऱ्याचा मुलगा. वकील झाला आणि राज्याच्या विधिमंडळानं त्याला वॉशिंग्टनला पाठवलं. तिथं त्यानं रेल्वे कंपन्यांना फुकट जमिनी देण्याविरुद्ध मत दिलं. ज्यांच्या जोरावर तो निवडून आला होता, त्यांच्याच त्या कंपन्या. मग पक्षातलं कुणी त्याच्याशी बोलेना.

पुढचं वाक्य एसीच्या घरघरीत बुडालं. शेवटचा शब्द तेवढा स्पष्ट आला: एक्सपायर्ड.

या शब्दाचा अर्थ मला कुणी सांगायला नको होता. साइटवरच्या आपल्या माणसांचे रजेचे अर्ज मीच टाइप करी: फादर एक्सपायर्ड, काइंडली ग्रँट लीव्ह. गुहागरचा ड्रायव्हर म्हणायचा, "ताई, अर्धी रत्नागिरी तुम्ही बोटांनी मारलीत."

मी म्हणायचे, "यल्ला, चल, सही कर. तुझे वडील या वेळी तरी खरे गेलेत ना?"

तर मी सिनेटरला वॉशिंग्टनमध्येच मारून टाकलं. पुढच्या टेपवर 'तो' गावी परतला, सफरचंदाची झाडं लावली, मधमाश्या पाळल्या, लहान मुलीला मांडीवर घेऊन गोष्टी सांगितल्या. मेलेला माणूस झाडं लावत नाही. म्हणजे हा त्याचा मुलगा, आणि मांडीवरची ती साहेबांची आई. 'तो' काढून मी मुलाचं नाव घातलं. साहेब समुद्रातल्या साइटवर होते, 'माझ्यासाठी थांबू नका' म्हणून गेले होते. प्रत बांधून मी कुरिअरनं त्यांच्या आईला पाठवली.

परतल्यावर त्यांनी ऑफिसातली कॉपी वाचली आणि मला आत बोलावलं.

"त्यांची टर्म एक्सपायर झाली होती. सिनेटची मुदत! माणूस नाही. त्यानंतर ते वीस वर्षं जगले."

"सॉरी सर. पानं आजच बदलते."

"आईचे वडील ती तान्ही असताना घर सोडून गेले. तिनं त्यांना कधी पाहिलंच नाही. काल फोनवर रडत होती. म्हणाली, बघ, मला मांडीवर घ्यायचे ते."

मी खुर्चीवर बसले. त्यांनी बस म्हटलं नव्हतं.

"तसंच राहू द्यायचं का?" त्यांनी विचारलं.

"नाही सर. चूक माझी आहे. खोटं कशाला ठेवायचं?"

मी तेव्हा तेच बोलले. आजही कदाचित तेच बोलेन, पण इतक्या पटकन नाही.

दुपारभर बसून मी पानं बदलली, सोबत चूक माझी असल्याचं पत्र जोडलं. ती प्रत पोचल्यावर साहेबांनी माझ्यासमोरच आईला फोन लावला. ते हळू बोलत होते, एकेक वाक्य दोनदा.

फोन ठेवून म्हणाले, "वडील नव्हते, हे तिनं मानलं. मग विचारते, मांडीवर घ्यायचं ते कोण होतं? मी म्हटलं, तुझे आजोबा. तर म्हणाली, ते कसे असतील? ते तर वॉशिंग्टनला वारले. तूच लिहिलंयस."

नवी प्रत तिनं उघडली नाही.