दुसरीकडून पाह्यलं तं

छत्तीसगड राज्य झाल्यापासून इथे जेवढी सरकारं आली, त्या प्रत्येकाला आमच्या मौसाजींनी कडाडून विरोध केला आहे आणि तितक्याच कळकळीने प्रत्येकाची बाजूही घेतली आहे. बहुतेक वेळा एकाच वाक्यात. मौसाजी म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. भिलाईला हुडको वसाहतीत, आमच्याच गल्लीत राहतात. त्यांच्याइतका उदार मनाचा माणूस मी पाहिलेला नाही, आणि मावशीच्या मते उदारपणालाही कुठेतरी कुंपण असावं लागतं. "उद्या घरात चोर शिरला," ती म्हणते, "तं हे त्याले आधी पाणी देतीन, मंग त्याची अडचण इचारतीन, अन् शेवटी मलेच म्हणतीन, कपाट उघडं कावून ठेवलं?" यावर मौसाजी थोडा वेळ विचार करतात आणि म्हणतात, "कपाटाचं तुझं चुकतेच."

नोकरीभर ते स्टील प्लांटमध्ये क्रेनवर होते. रोलिंग मिलच्या छताजवळ लोंबकळणारी ती काचेची केबिन, आणि खाली इतका आवाज की बोलण्याचा प्रश्नच नाही. खालचा माणूस हाताने खुणा करी, त्याप्रमाणे वरून हे लोखंड उचलत, नेत, ठेवत. आपल्या स्वभावाचं मूळ त्या केबिनमध्ये आहे, असं ते सांगतात. "खाली उभा राह्यलेल्या माणसाले एकच बाजू दिसते. मले वरून दोन्ही दिसे. आता सवय लागली, तं काय करू?" त्यामुळे त्यांचं कुठलंही राजकीय भाष्य एका ठाम वाक्याने सुरू होतं, मग ते श्वास घेतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि म्हणतात, "पण दुसरीकडून पाह्यलं तं..." तिथून पुढे ऐकणाऱ्याचं काही खरं नसतं.

एकदा चौकातल्या टपऱ्यांवर बुलडोझर चालला. मौसाजी इतके संतापले की चप्पल न घालता चौकात गेले. गरिबाच्या पोटावर मशीन चालवणारं हे कसलं राज्य, असं त्यांनी तिथे जमलेल्या लोकांना विचारलं. लोकांनी माना डोलावल्या. "पण दुसरीकडून पाह्यलं तं," मौसाजी म्हणाले, "रस्ता बी पाहिजे. अँब्युलन्स कुठून जाईन?" लोकांनी पुन्हा माना डोलावल्या. "पण त्याच्या बी दुसरीकडून पाह्यलं तं, ज्या रस्त्यावर गरिबाले उभं राहाले जागा नाही, तो रस्ता चाटाचा आहे काय?" इथे लोक घरी गेले. एव्हाना चहावाल्याने आपली टपरी पलीकडच्या भिंतीला लावून स्टोव्ह पेटवलाही होता. त्याने मौसाजींना कप दिला आणि म्हणाला, "चाचा, आप मेरी तरफ हैं कि नहीं, बस इतना बता दो." मौसाजींनी चहा संपेपर्यंत विचार केला आणि कप परत दिला.

मतदानाच्या दिवशी त्यांच्या मागे रांगेत उभं राहायचं नाही, हे आमच्या गल्लीत लहान पोरांनाही माहीत आहे. एका निवडणुकीत ते आत गेले ते बाहेर येईचनात. शेवटी अधिकाऱ्याने आवाज दिला, "अंकल, हो गया क्या?" आतून मौसाजी म्हणाले, "दो मिनट रुको साहब, इस तीसरेवाले का भी सोच रहा हूँ."

माझं म्हणाल, तर ज्याच्या घरी चहा पितो त्याचं मत ते माझं मत. म्हणून मौसाजींचा माझ्यावर जीव आहे, पण माझ्याबद्दल आदर नाही. तो त्यांनी मेश्रामजींसाठी राखून ठेवला होता.

मेश्रामजी रेल्वेत गार्ड होते. दोघेही भंडाऱ्याकडचे, मौसाजी कुणबी, मेश्रामजी बौद्ध. आमच्या गल्लीच्या मागे एक मोकळं मैदान होतं, त्यात एक करंजाचं झाड, आणि त्याखाली रोज संध्याकाळी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. दोघांच्या घरी दोन वेगळे हिंदी पेपर येत. एक सरकारला देव मानणारा, दुसरा सरकारमध्ये सैतान पाहणारा. सरकार बदललं की पेपरही आपापसात धर्म बदलत, तो भाग वेगळा. सकाळी आपला पेपर वाचायचा आणि संध्याकाळी एकमेकांना द्यायचा, म्हणजे समोरचा काय विष पितो ते कळतं, असा मौसाजींचा नियम होता. याचा परिणाम असा झाला, की एकमेकांचे पेपर इतकी वर्षं वाचून दोघांच्या बाजू केव्हातरी बदलून गेल्या आणि दोघांनाही ते कळलं नाही. आज मौसाजी जे बोलत ते मेश्रामजी पूर्वी बोलत, आणि आपलंच जुनं मत समोरच्याच्या तोंडून ऐकून दोघेही चिडत. मी मध्ये बसून दोघांनाही हो म्हणत असे. पण भांडण मोठं सुरेख चाले. मेश्रामजी बोलताना गार्डाचा हात विसरले नव्हते. पटलं नाही की तळवा ताठ वर, लाल झेंडा. थोडं पटलं की तोच हात हळूहळू हलायचा, हिरवा. मौसाजी त्यांच्या शब्दांकडे कमी आणि हाताकडे जास्त बघत.

मग पालिकेची निवडणूक जवळ आली. आमच्याकडे निवडणूक आल्याचं कळतं ते समाज भवनांवरून. माणसाला राहायला पक्कं घर असो नसो, त्याच्या जातीला सभागृह मिळतं. आमची पार्षद, म्हणजे नगरसेविका, कागदावर एक बाई आहे. काम तिचा नवरा बघतो. त्याला सगळे पार्षदपती म्हणतात आणि त्यालाही त्यात काही वावगं वाटत नाही. ("लोकशाहीची थट्टा आहे," मौसाजी म्हणाले होते. "पण दुसरीकडून पाह्यलं तं, एका पगारात दोन माणसं राबून राह्यले.") तर या पार्षदपतीने जाहीर केलं की मागच्या मैदानावर एक भवन होणार. कोणत्या समाजाचं, ते लोकांनीच ठरवावं. आमच्या कुणबी मंडळींनी अर्ज दिला, मेश्रामजींच्या लोकांनीही दिला, आणि बोलण्यात पटाईत म्हणून दोन्हीकडून उभे केले गेले ते नेमके हे दोघे.

सभेच्या आदल्या संध्याकाळी करंजाखाली दोघांचं ठरलं. मी साक्षीला होतो.

"मेश्रामजी, भवन कोणाचं बी झालं, तं मैदान गेलं."

"अन् आपल्या खुर्च्या गेल्या," मेश्रामजी म्हणाले.

"मंग उद्या दोघंही नाही म्हणू. आमचं बी नको, तुमचं बी नको."

मेश्रामजींचा हात हिरवा हलला. इतक्या वर्षांत दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला थोडी भीती वाटली.

सभेत मौसाजी आधी उठले. "भवन नको," त्यांनी स्पष्ट सांगितलं. "मैदान आहे तसं राहू द्या." मी सुटकेचा श्वास सोडणार, इतक्यात त्यांचा चष्मा कपाळावर गेला. मेश्रामजींचे लोक जयंतीला, लग्नाला हॉल भाड्याने मागायला गेले की आधी आडनाव विचारतात आणि मग तारीख रिकामी नसते, हे त्यांना ऐन वेळी आठवलं. "दुसरीकडून पाह्यलं तं," ते म्हणाले, "त्याइले भवनाची गरज आहे. आमच्याहून जास्त आहे." कुणबी मंडळी एकमेकांकडे बघू लागली. मावशीने कपाळाला हात लावला.

मेश्रामजी उठले. "मी बी नाही म्हणालेच आलो होतो," ते म्हणाले, आणि मौसाजींकडे इतकं प्रेमाने पाहिलं की मला पुढचं कळून चुकलं. "पण यांच्याच शब्दात सांगतो, दुसरीकडून पाह्यलं तं, कुणब्यांच्या पोरींचे लग्न रस्त्यावर मांडव टाकून होते. पावसात वरात भिजत उभी राहते. आधी त्यांचं व्हावं."

पार्षदपती गोंधळला. त्याच्या कारकिर्दीत असं कधी झालं नव्हतं. "आप लोग अपना-अपना समाज भूल गए क्या?" त्याने विचारलं. मग त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "मतलब दोनों को चाहिए." टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. सगळेच वाजवत होते.

आता त्या मैदानावर दोन भवनं आहेत, पाठीला पाठ लावून. मध्ये एकच भिंत. आमचं फाटक या गल्लीत, मेश्रामजींचं पलीकडच्या गल्लीत. करंज पायव्यात गेला. मौसाजींना अध्यक्ष करून आतल्या खोलीत चांगली गादीची खुर्ची दिली आहे, आणि अध्यक्ष काहीही म्हणाले की मंडळी म्हणतात, "बरोबर आहे, मौसाजी." ते सरकारला शिव्या देतात, बरोबर आहे. ते सरकारची बाजू घेतात, एकदम बरोबर आहे. "अरे, कोणी तं खोडून काढा बे माही गोष्ट," एकदा ते कळवळून म्हणाले. तेही सगळ्यांना पटलं.

गुडघे धरत, पूर्ण वळसा घालून ते काही दिवस पलीकडे जाऊन आले. तिथे त्यांना पुढची खुर्ची मिळाली, चहा-बिस्किटं मिळाली, मेश्रामजींचा नातू पाया पडला. मेश्रामजी इकडे आले तेव्हा आमच्या मंडळींनीही शाल दिली. दोघांनीही नंतर जाणं सोडलं. पाहुण्याशी कोणी भांडत नाही.

परवा मी भवनात मौसाजींकडे गेलो तर ते त्या गादीच्या खुर्चीत पेपर घेऊन बसले होते. "बैस," ते म्हणाले. "आता तू मेश्राम हो." मी प्रयत्न केला. त्यांनी धानाच्या भावावरून सरकारला धरलं. मी विरोध करायला तोंड उघडलं आणि म्हणालो, "तसं तुमचंही खरंच आहे." त्यांनी माझ्याकडे, दोष नसलेल्या पण उपयोगही नसलेल्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं.

तेवढ्यात मधल्या भिंतीतून आवाज आला. "चूक."

मौसाजी ताठ झाले. "काय चूक जी?"

"पूर्ण चूक. धानाचं तुमाले काय समजते?"

भिंत नऊ इंची ठरली होती. ठेकेदाराने अर्ध्या विटेची बांधली, आणि जामुलसारखं सिमेंटचं गाव शेजारी असून सिमेंटही हात राखून घातलं. कमिशन खाणाऱ्यांवर मौसाजी जन्मभर तुटून पडत आले आहेत. त्या संध्याकाळी त्यांनी त्या भिंतीवरून हात फिरवला. हळूच म्हणाले, "दुसरीकडून पाह्यलं तं..." आणि वाक्य तिथेच सोडलं.

मग दिवे लागेपर्यंत दोघे भिंतीशी भांडले. मध्येच मेश्रामजी गप्प झाले. मौसाजी थांबले, वाट पाहिली, भिंतीला कान लावला.

"आवाज येते रे," ते मला म्हणाले. "क्रेनवर होतो तं निस्ते हात दिसे, आवाज येत नव्हता. आता आवाज येते, पण त्याचा हात दिसत नाही." मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मेश्रामजी, बोला ना जी. लाल का हिरवा?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"हिरवाच समजा," भिंत म्हणाली. "पण हळू."

मौसाजींनी मान हलवली आणि उजवा हात वर करून हळूहळू हलवला. ती खूण पलीकडे दिसणार नव्हती. तरी हात बराच वेळ वर होता.