हरीसाहेबाची बोंब

धुळवडीच्या दिवशी आमचा शेजारी सकाळीच दाढी करून, धुतलेला सदरा घालून ओट्यावर खुर्ची टाकून बसायचा आणि शिव्यांची वाट पाहायचा. सणाला कुणी पुरणपोळीची वाट पाहतं, कुणी पाहुण्यांची. हा साठी उलटलेला गोरा इंग्रज शिव्यांची पाहायचा. मी लग्न होऊन कर्जतला आले त्या वर्षी हे पाहिलं आणि सासूबाईंना विचारलं, "हे डोक्यानं बरे आहेत ना?" सासूबाई म्हणाल्या, "आपल्यापेक्षा बरे आहेत. तू पुरण वाट."

त्याचं नाव हॅरी. गावानं त्याचा हरीसाहेब करून टाकला होता. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून जोर द्यायला कर्जतला इंजिन लागतं, ते वाफेचं इंजिन त्यानं उभा जन्म चालवलं. घाटात विजेची इंजिनं आली तेव्हा त्यानं नोकरी सोडली. बायको गेलेली, मुलगी विलायतेला. तरी हा माणूस कर्जत सोडायला तयार नव्हता. "वैनी, लोकांनी जगाचं तोंड बघितलं, मी पाठ बघितली," म्हणायचा. "पाठीमागून ढकलणाऱ्याला कुनी हार घालत नाय. पन गाडी त्याच्याबिगर चढत नाय." बोली अशी अस्सल, की कुंपणापलीकडून ऐकणाऱ्याला वाटावं, कुणी कडावचा शेतकरी भाताचा भाव सांगतोय.

ती बोली त्याला दिली धोंडूनं. धोंडू कडावचा. वीस-बावीस वर्षं साहेबाच्या इंजिनात कोळसा मारणारा. नोकरी सुटल्यावर धोंडू भातशेती आणि दोन म्हशी बघू लागला आणि दूध घालायच्या निमित्तानं रोज साहेबाकडे यायला लागला. दूध अर्ध्या शेराचं, गप्पा दोन तासांच्या. रेल्वेतले बाकीचे गोरे संध्याकाळी त्यांच्या क्लबात जमत, तिथे काळ्या माणसाला चहा पोचवण्यापुरतंच आत घेत. हरीसाहेब तिकडे फिरकत नसे. ते त्याला बिघडलेला समजायचे आणि हा त्यांना अळणी.

धुळवडीला कडावची मंडळी बोंब मारत कर्जतमध्ये शिरायची. पुढे धोंडू, हातात आदल्या रात्री होळीत भाजलेला नारळ. आमच्याकडची रीत अशी, की ज्याच्या नावानं बोंब मारायची त्यानं राग धरायचा नाही. उलट वरचढ शिवी द्यायची, आणि मग शिवी देणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं एकाच नारळाचं खोबरं खायचं. खोबरं खाल्लं की शिवी संपली. बायकांनी त्या ऐकायच्या नसतात म्हणे, पण बोंब काय भिंत बघून थांबते? मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळ्या ऐकल्या आहेत, आणि इथे लिहिण्याजोग्या फार थोड्या आहेत.

"अरे लालतोंड्या माकडाऽ, शेपटी कुठं ठिवलीस रं!" धोंडू तोंडावर हात मारून ओरडायचा. साहेब खुर्चीवरून ताडकन उठायचा, तोंडावर हात मारायचा आणि आख्खी आळी घुमवायचा, "बोयलरातल्या कोळशाऽ, तुला इस्तव लागला तरी तू काळाच रं!" लोक हसून हसून खाली बसायचे. मग नारळ फुटायचा. काळपट, धुराच्या वासाचं ते खोबरं साहेब डोळे मिटून खायचा.

एरवी मात्र धोंडू त्या शब्दाला फार जपायचा. एकदा ऐन मार्गशीर्षात बाजारातल्या एका हमालानं साहेबाकडे बघून "लाल माकड चाललं" म्हटलं. धोंडूनं दुधाची चरवी खाली ठेवली आणि त्याची गचांडी धरली. "आज शिमगा हाय काय रं? हाय काय शिमगा?" हमाल गयावया करू लागला. शेवटी साहेबानंच सोडवलं. घरी येऊन मला म्हणाला, "धोंडू हाय तोवर मला बंदूक नको, वैनी." हे सांगताना त्याच्या तोंडावर जो गर्व होता, तो मला अजून दिसतो.

बेचाळीस साल आलं. पुढाऱ्यांना पकडल्याची बातमी आली आणि कर्जतच्या बाजारात मोर्चा निघाला. आमचे हे स्टेशनात कारकून, त्यामुळे त्यांना जाता येईना. पण घरातला विलायती कापडाचा शेवटचा तुकडा मी स्वतः चुलीत घातला होता, तेव्हा माझं मन कुणीकडे होतं हे सांगायला नको. मुंबईहून आलेल्या गोऱ्या सार्जंटनं लाठी चालवली. धोंडूचा धाकटा भाऊ मारुती झेंडा धरून पुढे होता. त्याचं डोकं फुटलं, आणि शुद्धीवर आला तेव्हा त्याचा डावा डोळा गेला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी जमाव आमच्या आळीत शिरला. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. पुढे धोंडू होता. साहेबाच्या फाटकापाशी तो थांबला आणि ओरडला, "लालतोंड्या माकडा! भायेर ये!"

साहेब बाहेर आला. आणि काय सांगू, तो हसत आला. डुलकी लागली असावी, डोळे चोळत होता. धोंडू दिसला, ओळखीचे शब्द कानावर आले, आणि त्या म्हाताऱ्याचा हात सवयीनं तोंडावर गेला. "बोयलरातल्या कोळशाऽ!" त्यानं बोंब ठोकली.

कुणी हसलं नाही. साहेबाचा हात तोंडावर तसाच राहिला. कुणीतरी मागून दगड मारला, तो ओट्यावरच्या तुळशीवृंदावनाएवढ्या मोठ्या कुंडीला लागला. धोंडू फाटकाला अगदी खेटून उभा राहिला, थुंकला, आणि या वेळी न ओरडता, साहेबाच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "माकडा, चालता हो आमच्या मुलखातून." साहेब आत गेला. दार त्यानं फार हळू लावलं. जमाव पुढे गेला.

संध्याकाळी फौजदार साहेबाकडे आला. दगड कोणी मारला, पुढे कोण होतं, नावं सांगा, एवढ्यावर चौघांना तरी आत टाकतो, म्हणाला. आमच्या ह्यांना साक्षीला बोलावलं होतं, म्हणून साहेबाचं इंग्रजी उत्तर मला घरी समजलं. तो म्हणाला होता, "नावं मला माहीत नाहीत. ते काय ओरडत होते तेही कळलं नाही. मला या लोकांची भाषा येत नाही."

धोंडू वाचला. आणि त्या दिवसापासून साहेबानं ते उत्तर खरं करून दाखवलं. दुसऱ्या दिवशी मी कुंपणावरून आंबोळ्या द्यायला गेले तर म्हणाला, "गुड मॉर्निंग, मॅडम." वैनी नाही. मी हसले, वाटलं चेष्टा करतो आहे. पण त्यानं ताटली घेतली, "थँक्यू" म्हटलं आणि पाठ फिरवली. मला इतका राग आला! मी काय केलं होतं? दगड मी मारला नव्हता, शिवी मी दिली नव्हती. एका माणसानं दगा दिला म्हणून त्यानं आम्हा सगळ्यांचीच भाषा टाकून दिली. दूध आता स्टेशनवरून येऊ लागलं. नोकराशी तो इतर साहेबांसारखं मोडकंतोडकं हिंदुस्थानी बोलायला लागला.

बाजारात यावर पुष्कळ चर्चा झाली. "राज्य करणाऱ्याला कसली शिवी लागते?" असं बहुतेकांचं मत. वाणी म्हणाला, "शिवीनं डोकं फुटत नाही, लाठीनं फुटतं. मारुतीला विचारा." आमचे हे म्हणाले, "आपल्याला हे लोक दीडशे वर्षं काळे कुत्रे म्हणतात, आपण जेवतोच की." सगळं खरं होतं. मी मारुतीचा डोळा बांधलेला पाहिला होता. पण मी तो तोंडावर राहिलेला हातही पाहिला होता.

धोंडूला मी एकदा गाठून विचारलंच, "सार्जंटनं मारलं, तू ह्यांना का रे?" त्यानं म्हशीची दोरी खुंटाला बांधली. मग म्हणाला, "वैनी, त्यो गोरा मला गावला नाय. ह्यो गावला." पुढच्या धुळवडीला तो एकटाच आला. बोंब मारली नाही. भाजलेल्या नारळाची अर्धी वाटी साहेबाच्या फाटकावर ठेवून गेला. ती तिथेच राहिली, संध्याकाळी कावळ्यांनी नेली. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच झालं, आणि नंतरही.

देश स्वतंत्र झाल्यावर थोड्याच दिवसांत साहेब मुलीकडे विलायतेला निघाला. स्टेशनवर आम्ही दोघं, दोनचार जुने रेल्वेवाले, आणि खांबाच्या आडोशाला धोंडू. हार कुणी आणला नव्हता. गाडी सुटायच्या बेताला धोंडू पुढे आला आणि खिडकीची दांडी धरून उभा राहिला. कडावचा तो कोळशासारखा काळा, दांडगा माणूस लहान पोरासारखा रडत होता.

"सायेब, शिवी द्या," तो म्हणाला. "एक शिवी द्या हो मला. कसली पन द्या. न देता जाऊ नका."

साहेबानं त्याच्याकडे पाहिलं. ओठ हलले, हात गुडघ्यावरून थोडा उचलला गेला. मला वाटलं, आता तोंडावर जाणार. हात दांडीपर्यंत आला, धोंडूची बोटं त्यानं एकेक करून सोडवली, आणि पाच वर्षांत पहिल्यांदा तो आमच्या भाषेत बोलला.

"आज शिमगा नाय, धोंडू."

गाडी हलली. ती घाटाकडची नव्हती, मुंबईकडची होती. तिला मागून कुणाला ढकलावं लागत नाही.