गवती चहाच्या बुडाशी

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. डिचोलीच्या बाजारात गवती चहाची जुडी घेताना मी ती चुरगळून हुंगते आणि मधली पात उपसून बघते. वरून हिरवी आणि आत वाळकी घालून जुड्या बांधतात, मला ठाऊक आहे. अडुळसा घ्यायचा तर मी विचारते, कुठल्या रस्त्याकडेचा? खाणीचे ट्रक जातात त्या रस्त्याला अडुळसा चिकार, पण पानावरून बोट फिरवलं की बोट लाल होतं. "बाये, घेवचें जाल्यार घे, ना जाल्यार फुडें वच," असं मला त्या बाजारात कितीदा तरी ऐकवलंय. मी घेते, पण घरी आणून तीन पाण्यांनी धुते.

याला कारण आहे. माझं माहेर पेडण्याच्या अंगाला, मोपाच्या पठाराखाली. मी नऊ वर्षांची असताना माझी धाकटी बहीण तापली. कोणीतरी पठारावरून पाला आणला, ठेचला, तिला पाजला. कुठला पाला, कोणी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी ती गेली. तापानं गेली की पाल्यानं, हे कोणालाच सांगता आलं नाही, आणि मला तर त्या वयात कोणी काही सांगायलाही बसलं नाही. पण ती हिरवी वाटी माझ्या डोळ्यांपुढून हलली नाही. तेव्हापासून नाव ठाऊक नसलेलं काही मी माझ्या माणसांच्या तोंडात जाऊ देत नाही.

आणि नशीब बघा, लग्न होऊन आले ते नेमकी अशा घरात.

शिरगावापासून जवळच आमचं गाव. माझी सासू काविळीचं औषध द्यायची. वखद म्हणायची ती. पार साखळीपासून माणसं यायची. सकाळी कोणाशी अक्षर न बोलता ती डोंगराकडे जायची, पदराखाली काहीतरी घेऊन यायची आणि दार लावून पाट्यावर वाटायची. पैसा घ्यायची नाही, नारळ घ्यायची नाही, आणि घेणाऱ्यानं बरं झाल्यावर आभार मानायला यायचं नाही, असा नेम. नाव तर विचारायचंच नाही. मी नवी होते तेव्हा एकदा विचारलं. म्हणाली, "नांव घेतलें काय गूण वता." झालं! मी मनात म्हटलं, गुण जातो की तुमचं बिंग फुटतं?

हे वखद गावात आणखी एकाच बाईला ठाऊक होतं, ती म्हणजे आमची शेजारीण. वईपलीकडचं, कुंपणाला कुंपण लागलेलं घर. मी तिला काकी म्हणायची. दोघींना एकाच म्हाताऱ्या बाईनं, माझ्या आजेसासूनं, शिकवलेलं. दोघी का, तर त्याला कारण होतं. आपल्या हातचं वखद आपल्या घरच्या माणसाला लागत नाही. घरात कोणी पिवळा पडला तर दुसरीनं द्यायचं. त्या दोन घरांची अशी एकमेकांत गुंतवून ठेवलेली गाठ होती. आमच्या परसातली गवती चहाची रोपंसुद्धा काकीकडच्या बेटातली होती. न्हाणीचं पाणी जायचं तिथं सासूनं ती लावली होती, आणि हा हा म्हणता त्याचं कमरेएवढं बेट झालं. माझ्या नवऱ्याला त्या पातीशिवाय चहा म्हणजे गरम पाणी.

मग भाषेचं भांडण आलं, कारभाराची भाषा मराठी की कोकणी. नवरा माझा मराठी शाळेत मास्तर. शाळा बंद पडणार, नोकरी जाणार, असं रोज कोणीतरी येऊन सांगून जायचं. काकीचा नवरा कोकणीच्या बाजूचा. एका सभेवरून येताना दोघांचं रस्त्यात जुंपलं, आणि गंमत म्हणजे जुंपलं तेही कोकणीतच, कारण भांडायला दोघांनाही दुसरी भाषा येत नव्हती. पुढं आमच्या दगडी गडग्यावर नवऱ्यानं मराठीसाठी रंगवलेल्या अक्षरांना कोणीतरी डांबर फासलं. कोणी फासलं ते आजवर कळलेलं नाही, पण मी काकीच्या नवऱ्याचंच नाव धरलं आणि धरून ठेवलं. काकी वईशी आली की मी पाठ करायची. पोदेर पाव घेऊन यायचा तो पहिल्यांदा तिच्याकडे गेला तरी मला खटकायचं. काय वेड होतं ते! पण तेव्हा ते वेड वाटत नव्हतं.

आमचं वेगळं राज्य झालं त्या वर्षी भर पावसात माझा नवरा पिवळा पडला.

डोळे पिवळे, नखं पिवळी, अन्न बघितलं की ओकारी. मी त्याला म्हापशाला डॉक्टरकडे नेलं. गोळ्या, विश्रांती, पाणी उकळून प्यायचं. घरी आलो तर सासू दारात उभी. म्हणाली, डॉक्टरचं डॉक्टरला करू दे, पण वखद घ्यावंच लागेल. आणि डोक्यावर गोणपाट घेऊन ती पावसातून काकीकडे गेली. आठ-नऊ महिन्यांत त्या घराची पायरी कोणी चढलं नव्हतं. मी जनेलाच्या गजांतून बघत होते. काकीच्या नवऱ्यानं दार उघडलं आणि तो आत निघून गेला. मग काकी आली. दोघी तिथंच उभ्या राहिल्या. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे काकी आमच्या मागच्या दारी हजर. काचेच्या कोपात, पेल्यात, हिरवागार लगदा, वर केळीचं पान झाकलेलं. कोप माझ्या हातात दिला. "दुदांतल्यान दी. मीठ दिवूं नाका. सात दीस." एवढंच बोलली आणि मागं न बघता गेली. वखद देणाऱ्यानं मागं बघायचं नसतं, हाही नेमच.

मी त्या कोपाकडे बघत उभी राहिले. हिरवं. जाडंभरडं ठेचलेलं. वास उग्र. मला माझी बहीण आठवली, ती वाटी आठवली, आणि गडग्यावरचं डांबर आठवलं. हिनं यात काय घातलंय? मुद्दाम नसेल घातलं, पण चुकून? की मुद्दाम? माझा नवरा आत पिवळा होऊन पडलेला, पोरगी तीन वर्षांची, आणि मी एका अशा बाईच्या हातचं त्याला पाजायचं जिच्याशी मी बोलत नाही? ज्याचं नावसुद्धा कोणी सांगत नाही?

सासू देवापाशी होती. मी न्हाणीकडे गेले आणि कोप गवती चहाच्या बुडात ओतला. मग दुधात तुळस आणि पुदिना कुटून घातला, म्हणजे हिरवं दिसेल, आणि ते नवऱ्याला दिलं. तो तोंड वाकडं करून प्यायला. सात दिवस मी हेच केलं. सात दिवस काकी पावसात भिजत कोप घेऊन आली, आणि सात दिवस मी तो त्याच बुडात रिता केला.

चतुर्थीला नवरा स्वतः उठून गणपतीच्या डोक्यावरची फळापानांची माटोळी बांधायला उभा राहिला. तोंडावर रंग आला होता. सासूनं सगळ्या गावाला सांगितलं, शेजारणीच्या हाताला गुण आहे. काकीचा नवरा आरतीला आला आणि मागं उभा राहिला. नवऱ्यानं त्याला पुढं बोलावलं. दोन्ही घरं हसली, बोलली, पातोळे वाटले. मी स्वयंपाकघरात होते. मला आनंद व्हायला हवा होता, झालाही, पण काकीचं ताट मी सासूच्या हातीच बाहेर पाठवलं.

नवऱ्याला चहा बंद होता म्हणून त्या सगळ्या दिवसांत पाती कोणी कापलीच नव्हती. चतुर्थी झाल्यावर दिवस-दोन दिवसांत तो म्हणाला, आता पुरे झालं पथ्य, चहा कर. सासू विळा घेऊन न्हाणीकडे गेली आणि बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तिच्या हातात पातीची जुडी होती आणि जुडीवर एक इवलंसं रोपटं, मुळासकट. आवळ्यासारखी बारीक पानं. मी बाहेर जाऊन बघितलं. बेटाच्या बुडात, जिथं जिथं मी ओतलं होतं तिथं तिथं, ती रोपटी दाट उगवून आली होती. काकीनं जाडंभरडं ठेचलेल्या पाल्यात बी तसंच राहिलं होतं, त्यात पाऊस आणि न्हाणीचं पाणी. बेटाच्या बाहेर एकही नाही.

तो पाला मी माहेरी शंभरदा बघितला होता. पावसात कुठंही उगवतो. आम्ही पोरं त्याच्या पानांखालचे मणी खुडत खेळायचो. एवढंच होतं ते!

सासूनं ते रोपटं मेजावर ठेवलं. माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "पाती धुवून घे." पुढं ती दोन वर्षं जगली, त्या विषयावर एक शब्द बोलली नाही. पण वखद तिनं मला शिकवलं नाही. शिकवायचं ते सुनेलाच, असा त्या घराचा रिवाज, आणि ती न शिकवताच गेली. शेवटच्या आजारात मी तिचे पाय चेपत बसायची तेव्हा वाटायचं, आता सांगेल. नाही सांगितलं. मला वाईट वाटलं, रागही आला, पण कोणत्या तोंडानं रागवायचं?

सासू गेल्यावर दोनएक वर्षांनी, असाच पाऊस, काकी आमच्या मागच्या दारी आली. रिकाम्या हातानं. तिच्या थोरल्या मुलाला कावीळ झाली होती. त्याचं लग्न होऊन वर्ष नव्हतं झालं. डॉक्टर चालूच होता.

"आपल्या रगताक आपलें वखद लागना," ती म्हणाली. "तुवें दिवंक जाय."

मी म्हटलं, "काकी, मला येत नाही. आईंनी मला सांगितलंच नाही."

तिनं न्हाणीकडे हात केला. गवती चहाच्या बुडात, दर पावसात यायची तशी, ती रोपटी गच्च आली होती. "थंय आसा. तुवेंच लायलां."

मला वाटलं, जमीन फाटावी. एवढी वर्षं ती वईवरून ते बघत होती! बघत होती आणि चतुर्थीला पातोळे देत होती, माझ्या पोरीला मांडीवर घेत होती. मी काहीतरी बोलायला गेले. तिनं मला थांबवलं.

"हांवें तें पियेवपाक दिल्लें गो, वोतपाक न्हय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. मग किती मुठी घ्यायच्या, किती वाटायचं, कशात कालवायचं, ते तिनं हातानं दाखवलं. नाव तेव्हाही घेतलं नाही. म्हणून मीही इथं घेतलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी कोणाशी न बोलता ती रोपटी उपटली. हाच तो ना? दुसरं काही त्यात मिसळलं नाही ना? न्हाणीच्या पाण्यातलं, खाणीच्या धुळीतलं, चालेल ना? तीन नाही, सात पाण्यांनी धुतलं. एकेक पान उलटून मणी बघितले. आयुष्यभर दुसऱ्यांवर घेतलेला संशय त्या सकाळी सगळा माझ्याच हातांवर येऊन बसला. पाट्यावर वाटताना मी देवाला म्हटलं, या पोराला काही होऊ देऊ नकोस, माझ्या हातून नको.

कोप घेऊन गेले तर दार सुनेनं उघडलं. वीस-एकवीसची पोर. आमच्या पेडण्याकडचीच. तिनं केळीचं पान उचललं, वास घेतला, आणि माझ्याकडे बघितलं. ती नजर मी ओळखली. का नाही ओळखणार? माझीच नजर होती ती. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अगो, माझ्या देखत पाज त्याला! पण देणाऱ्यानं थांबायचं नसतं आणि मागं बघायचं नसतं. "दुधातून दे. मीठ नको," मी म्हटलं आणि वळले. वईपर्यंत माझे कान मागंच होते, कुठं काही ओतल्याचा आवाज येतो का म्हणून. सात दिवस.

मुलगा बरा झाला. डॉक्टरनं, विश्रांतीनं की वखदानं, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही.

खोटं कशाला बोलू, पाऊस सरायच्या आत मी वईतून पलीकडे जाऊन बघितलंच. त्यांच्या न्हाणीच्या पाण्यावर बघितलं, हळदीच्या वाफ्यात बघितलं, धुण्याच्या दगडाभोवती बघितलं. हळद होती, अळू होतं, काकीचा गवती चहा होता. पातीची बुडं मी हातानं फाकवून बघितली. ते रोपटं कुठंही नव्हतं. तरी मनात आलंच, की आणखी लांब कुठं ओतलं असेल. मग मीच मला म्हटलं, पुरे गो बाई आता. त्या पोरीनं माझ्यासारखाच वास घेतला होता, माझ्यासारखीच भ्यायली होती, आणि तिनं ते त्याला पाजलं होतं. मी तिथंच वईला धरून रडले.