दाईमास्तर

सकाळी शाळेच्या दारात उभे राहून त्रिंबकमास्तर मुलांना आत घेत आणि त्यांच्या आईबापांना फैलावर घेत. हा त्यांचा रोजचा नेम होता. "काय हो कारकून, पोराला खायला घातलंत की नुसतंच गंध लावून धाडलंत?" "अहो बाई, याच्या डोळ्यांत झोप आहे. काल घरात भांडण झालं असेल तर तुम्ही दोघं इथे बसा, याला घरी झोपू द्या." मूल मात्र त्यांच्या पायांजवळून मुकाट आत सरके. त्याला ते काही बोलत नसत, फार तर डोक्यावरची टोपी सरळ करत. देवासात ज्याचे त्यांच्याशी बरे होते असा एकही बाप मला आठवत नाही.

ते बिगरीचे मास्तर होते. पहिल्या यत्तेच्याही आधीचा, नाक पुसता न येणाऱ्या पोरांचा वर्ग तो. शाळेत सर्वांत हलकी जागा तीच. म्हणून बाकीचे मास्तर त्यांना "दाई" म्हणत, पाठीमागे आणि तोंडावरही. चौथीचे मास्तर रोज विचारत, "काय दाई, आज किती नाकं पुसली?" त्रिंबकमास्तर खांद्यावरचे फडके काढून म्हणत, "सगळी झाली. तुमचंच राहिलंय, या इकडे."

मुळात ते एका कचेरीत कारकून होते. वरच्या अंमलदाराशी भांडले, म्हणून शिक्षा म्हणून त्यांना बिगरीवर बसवले, असे सगळे सांगत. पुढे हेडमास्तरांनी त्यांना तिसरी यत्ता देऊ केली तेव्हा ते म्हणाले, "तिसरीत काय उरलंय? तिथवर तुमचं पोर घडवून किंवा मोडून झालेलं असतं." ही गोष्ट शाळेने त्यांना कधी माफ केली नाही. शिक्षा म्हणून दिलेल्या जागेवरून माणूस उठायला तयार नाही, हा सगळ्यांना आपला अपमान वाटला.

कॉलेजात माझे सोबती आपापल्या गुरूंविषयी बोलतात. कोणी हायस्कुलातल्या संस्कृतच्या शास्त्र्यांचे नाव घेतो, कोणी इंग्रजी शिकवणाऱ्या हेडमास्तरांचे. मी बिगरीच्या मास्तरांचे नाव घेतले तेव्हा ते हसले. एकजण म्हणाला, "अरे, बिगरीत शिकवायचं काय असतं? पोरं सांभाळायची!" मला तेव्हा उत्तर देता आले नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, त्यामुळे अजून पुष्कळ वेळा उत्तर माहीत असूनही मांडता येत नाही. ते येथे मांडून पाहतो.

माझे वडील धारला एका सरदारांच्या पागेत मोतद्दार होते. घोड्यांची निगा हेच त्यांचे काम, त्यामुळे ते घरी कमी आणि पागेत जास्त. आई गंधवानी गावाकडची. तिकडच्या बोलीत 'स'चा 'ह' होतो. साप म्हणजे हाप, सगळे म्हणजे हगळो. मी आईच्या मांडीवर बोलायला शिकलो, म्हणून माझी बोलीही तीच.

धारला मला आधी एका पंतोजींच्या ओसरीवरच्या शाळेत घातले होते. ते आकडे म्हणून घेत. पाच, सहा, आणि पुढे मी म्हणे, "हात." पंतोजी म्हणत, "हात? बरं, कर हात पुढे." मी हात पुढे करी आणि त्यावर छडी बसे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी खोडी काढतो असे त्यांना वाटे, आणि मला वाटे की सहानंतर छडी येते, असाच काहीतरी नियम असावा. ओसरीवर बसलेली पंतोजींची मित्रमंडळी हसत. एकजण तर मुद्दाम पान जमवून थांबे आणि म्हणे, "पंत, त्या मोतद्दाराच्या पोराला म्हणायला लावा हो!" काही दिवसांनी मी आकडे म्हणणे सोडले, मग शाळेत बोलणेच सोडले.

पंतोजींनी वडिलांना बोलावून सांगितले, "पोर मुकं आहे. पागेत घाल. घोड्यांना बोलणारा माणूस लागत नाही."

त्याच सुमारास सरदारांचे काही घोडे देवासला गेले आणि त्यांच्याबरोबर आम्हीही गेलो. वडील वाईट नव्हते. ते आईला एवढेच म्हणाले, "इथल्या शाळेत एकदा घालून बघू. डिपोटी परीक्षा घ्यायला येईल तोवर बोलला तर बोलला. नाहीतर माझ्याबरोबर पागेत. उगाच पोराचे हाल नकोत." डिपोटी म्हणजे शाळा तपासणारे साहेब. ते येईपर्यंत माझी मुदत होती, आणि ती मलाही कळत होती.

पहिल्या दिवशी आईने मला त्रिंबकमास्तरांपुढे उभे केले. त्यांनी तिलाच विचारले, "हा बोलत का नाही? घरात तुम्ही याला बोलू देत नाही काय?"

आई घाबरली, पण मागे सरली नाही. "घरे तो हगळो बोले, माटसाब. आखो दन बोले. गिनती में मार्यो इने, जद से चुप है."

"मोजताना मारलं? कुठल्या आकड्यावर?"

"हात पे."

मास्तर वैतागले. "हातावर मारलं ते कळलं. आकडा कुठला?"

"हात, माटसाब. हात." मास्तरांना उलगडेना, तेव्हा तिने बोटांवर मोजून दाखवले. "पाँच, छ, हात, आठ."

आता मास्तरांना उमगले. मग त्यांनी रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात धारच्या त्या पंतोजींचा उद्धार केला. त्यांच्या शेंडीपासून सुरुवात करून खडावांपर्यंत ते आले, तेव्हा समोरच्या दुकानातली माणसे उठून उभी राहिली होती. शेवटी ते आईला म्हणाले, "कुठे निघालात? आत या. मागे बसा. उद्यापासून आकडे तुम्ही म्हणायचे."

तसे झाले. काही दिवस माझी आई डोक्यावरचा पदर घट्ट धरून बिगरीच्या मागच्या भिंतीशी बसे. मास्तर चिंचोके मांडून मराठीत मोजत, मग आई तिच्या बोलीत मोजे, मग वर्ग दोन्हींत मोजे. पहिल्यांदा "हात" आले तेव्हा पोरे खदखदून हसली. मास्तर म्हणाले, "हसा. हसून झालं की चिंचोके मोजा. तिच्या मोजणीत एखादा कमी भरला का?" पोरांनी मोजले. कमी भरला नव्हता. पोरांना पुढे हसण्यासारखे काही राहिले नाही.

मोठ्यांना मात्र राहिले. एक कारकून शाळेच्या दारात येऊन ओरडले, "मोतद्दाराची बायको आता आमच्या पोरांना शिकवणार काय?"

"छे, तुमची पोरं तिला मराठी आकडे शिकवताहेत," मास्तर म्हणाले. "तुमचं कच्चं असेल तर मागे जागा आहे." त्यावरून गावात त्यांच्याविषयी आणि आईविषयीही नको ते बोलले गेले. हेडमास्तरांनी लेखी समज दिली. आईने येणे सोडले. पण तोवर वर्गाला दोन्ही मोजण्या पाठ झाल्या होत्या.

मी अजून बोलत नव्हतो. एके दुपारी मास्तर माझ्यापुढे चिंचोके टाकत मोजू लागले, "पाच, सहा, आठ, नऊ." मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी पुन्हा मोजले, "पाच, सहा, आठ." तिसऱ्यांदा त्यांनी तेच केले तेव्हा मला राहवेना. मी ओरडलो, "हात! हात रह्यो!"

मला वाटले आता ते जवळ घेतील. त्यांनी भुवया चढवल्या. "मग आधी सांगायला काय झालं होतं? माझी मोजणी चुकली ना तुझ्यामुळे." आणि पुढच्या पोराकडे वळले. मला त्यांचा इतका राग आला की मी घरी जाऊन आईला सबंध संध्याकाळ त्यांच्या तक्रारी सांगितल्या. 'सात' म्हण, असे त्यांनी मला कधीच सांगितले नाही. ते म्हणत, "पोर चुकतं तेव्हा ते आपल्या घरचा पत्ता सांगत असतं. पत्ता वाचावा. पत्त्याला छडी मारून काय होणार?"

त्यांच्या भांडणांना सरहद्दही पुरत नसे. देवासात तेव्हा दोन राज्ये होती, थोरली पाती आणि धाकटी पाती, आणि मध्ये एक रस्ता. एकदा शाळेसमोर एका बापाने आपल्या मुलीच्या थोबाडीत दिली. मास्तर धावले तसा तो रस्ता ओलांडून पलीकडे गेला आणि तिथून म्हणाला, "अब बोलो, भिया! यो तमारो राज नी है." मास्तर रस्ता ओलांडून त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. "राज्य बदललं म्हणून पोरीचा गाल बदलला काय रे?" पलीकडच्या शिपायाने त्यांना धरून परत आणून सोडले. शाळेत त्याची वेगळी तक्रार झाली.

मग डिपोटी आले. जाड कोट, लाल पगडी, हातात चांदीच्या मुठीची काठी. माझे वडील त्या दिवशी पागेतून सुटी काढून शाळेच्या बाहेर उभे होते. साहेबांनी मलाच उठवले. "पाच आणि दोन किती?"

तोवर मी खेळताना 'सात' म्हणू लागलो होतो. पण त्या वेळी भीतीने तोंडातून निघाले, "हात."

"हात?" साहेबांनी विचारले.

आणि माझा उजवा हात आपोआप पुढे झाला. तळवा वर, बोटे ताठ. मी डोळे मिटले.

तेवढ्यात पुढे बसलेला, त्याच ओरडणाऱ्या कारकुनांचा मुलगा सहज म्हणाला, "साहेब, त्यांच्यात सातला हात म्हणतात. तुम्हाला ठाऊक नाही?" सगळा वर्ग हसला. मी डोळे उघडले तर पोरे माझ्याकडे बघून हसत नव्हती, साहेबांकडे बघून हसत होती.

साहेब तांबडे झाले. "मास्तर, हे काय शिकवता तुम्ही इथे?"

"बेरीज," मास्तर म्हणाले. "ती त्याने बरोबर केली. हात पुढे केला ते मी शिकवलेलं नाही. ते तुमच्या-आमच्या जातीच्या शहाण्यांनी शिकवलं, आणि शाळेत पाय ठेवल्या ठेवल्या शिकवलं. हे पोर उद्या मोठं होईल, सगळं विसरेल, पण हा हात त्याचा जन्मभर असाच पुढे येईल. तो आधी खाली करून दाखवा आणि मग माझी परीक्षा घ्या."

साहेबांनी मला पास केले. त्रिंबकमास्तरांना उद्धटपणाबद्दल काढले.

मास्तर म्हणाले ते खरे झाले, पण अर्धेच. आजही कॉलेजात प्रोफेसर एकदम प्रश्न विचारतात तेव्हा माझी उजवी मूठ घट्ट मिटते. कितीही ठरवले तरी मिटते. आणि तरीही मी उभा राहून उत्तर देतो. मूठ मला पंतोजींनी दिली आणि उत्तर त्रिंबकमास्तरांनी, आणि दोन्ही मी शाळेची पहिली यत्ता पाहण्यापूर्वी मिळवली. पुढे मला चांगले शिक्षक पुष्कळ भेटले. त्यांनी मला इतिहास दिला, बीजगणित दिले. पण त्यांच्यापुढे तोंड उघडणारा मुलगा त्यांना तयार मिळाला होता, हे त्यांच्यापैकी कोणाला माहीत नाही. माझ्या हसणाऱ्या सोबत्यांना मला एवढेच सांगायचे होते.

त्रिंबकमास्तर पुढे डही गावाकडे कोणाच्या तरी मुलांना शिकवत होते असे ऐकले. गेल्या वर्षी ते वारल्याचे कळले. तेथेही त्यांचे कोणाशी जमले नव्हते म्हणे.

त्यांनी देवास सोडले त्या दिवशी ते शाळेत आले होते, आपले फडके आणि चिंचोक्यांची पिशवी न्यायला. जाताना त्यांनी माझी मानगूट धरली आणि मला थेट पहिलीच्या वर्गात नेले. पहिलीचे मास्तर छडीसाठी प्रसिद्ध होते. वर्ग भरलेला होता.

"या, दाई," ते म्हणाले. "निघालात म्हणे?"

"निघालो," त्रिंबकमास्तर म्हणाले. "हे पोर तुमच्या हवाली करतोय. नीट बघून घ्या. हे बोलतं. आज माझ्याकडून बोलतं पोर ताब्यात घेतलंत, ही सगळी पोरं साक्षीला आहेत. उद्या हे मुकं झालं तर ते कोणी केलं, हे विचारायला मी येईन. आणि मी एकटा बोलायला आलो तरी सगळा रस्ता गोळा होतो, हे तुम्हाला ठाऊक आहे."

मला ते एक अक्षर बोलले नाहीत. टोपी तेवढी सरळ केली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी पहिलीच्या मास्तरांनी मला फळ्यापाशी उभे केले. बेरीज विचारली. मी अडखळलो. त्यांनी टेबलावरची छडी उचलली, माझ्याकडे पाहिले, मग दाराकडे पाहिले. दारात कोणी नव्हते. तरी बराच वेळ ते दाराकडे पाहत राहिले, आणि छडी खाली ठेवून म्हणाले, "हं, सांग. सावकाश सांग."

मी सांगितले.