शिट्टी न मारलेला शुक्रवार

इटलीतल्या पार्मा गावच्या जेनेसिओ न्हाव्याला सुरांची लिपी वाचता येत नसे. पण ऑपेराच्या सर्वांत वरच्या, स्वस्त गॅलरीत त्याची जागा ठरलेली होती. त्याची दोन बोटं तोंडाकडे गेली की खाली भल्याभल्या गायकांना घाम फुटे. पार्म्यात शिट्टी म्हणजे धिक्कार, आणि पहिली शिट्टी बहुधा त्याचीच असे.

ओत्तोरीनो वाल्कावी हा वजडी विकणाऱ्याचा मुलगा, त्याचा गल्लीतला सोबती. ऐन पंचविशीत तो इथे पहिल्यांदा संचालक म्हणून वाद्यवृंदापुढे उभा राहिला, तेव्हा जेनेसिओने त्यालाही सोडलं नव्हतं. ओत्तोरीनोने कित्येक महिने अबोला धरला. पुढे मिलान, व्हिएन्ना, न्यूयॉर्क. जगाने त्याला डोक्यावर घेतलं. जेनेसिओ गिऱ्हाइकांच्या गालाला साबण फासत म्हणे, "माझ्या शिट्टीने घडलाय तो!"

ऐंशीच्या उंबरठ्यावर ओत्तोरीनो दोन प्रयोगांसाठी गावी परतला. तालमीतच त्याचा हात जड झाल्याची कुजबुज होती. शुक्रवारी जेनेसिओ बाकाबाकावर जाऊन सांगून आला, "आज कुणी तोंड उघडायचं नाही. आपला माणूस आहे."

तिसऱ्या अंकात हात खरोखरच मागे पडला. कोरस पुढे पळाला, व्हायोलिनं मध्येच लोंबकळली. गॅलरी गप्प राहिली, आणि शेवटी उभं राहून टाळ्या वाजवत राहिली.

शनिवारी सकाळी ओत्तोरीनो दुकानात येऊन खुर्चीत बसला. अर्धी दाढी झाल्यावर त्याने विचारलं, "तिसरा अंक ऐकलास ना?"

"गर्दी होती रे..."

"थापा मारू नकोस. बहिऱ्यालाही कळलं असतं."

"लोकांनी प्रेमाने टाळ्या वाजवल्या, ओत्तो."

"प्रेमाने? व्हिएन्नावाले तर पडदा उघडला तरी वाजवतात! मला कुणी खरं सांगत नाही, म्हणून इथे आलो. आणि तुम्ही मला मढ्यासारखं फुलांनी झाकलंत. कुणी गप्प केलं गॅलरीला? तूच ना?"

जेनेसिओ वस्तरा चामड्यावर घासू लागला.

ओत्तोरीनोने टॉवेल ओढून साबण पुसला. "उद्या हात चुकला तर सांग. तू सांगितलंस की कायमचा थांबेन. नाहीतर आपली ओळख संपली." आणि तो जगप्रसिद्ध माणूस अर्ध्या दाढीनिशी भर बाजारातून निघून गेला.

रविवारी दुपारच्या प्रयोगाला त्याची बायको निवेस शेजारी होती. "म्हातारा आहे तो," ती बजावत होती. "आज माणसासारखा वाग."

तिसरा अंक आला. हात पुन्हा मागे पडला.

शिट्टी इतकी कर्कश निघाली की जेनेसिओ स्वतःच दचकला. सगळी गॅलरी त्याच्याकडे वळली. "वेड लागलं का तुला?" निवेसने त्याचं मनगट पकडलं.

खाली संगीत तुटलं. ओत्तोरीनोने छडी हलकेच खाली ठेवली, तो वळला, वर बघून कमरेत वाकला, आणि बाजूच्या दाराने निघून गेला. कोरसमधल्या बायका तशाच आ वासून उभ्या होत्या.

"खाटीक आहेस, खाटीक!" मागून कुणीतरी ओरडलं. बाकावरची माणसं उठून दूर सरकली.

"तो परत येईल ना रे?" निवेसने घाबरून विचारलं.

"नाही," जेनेसिओ म्हणाला.