अपोलोनियाचा सहा खिशांचा परकर

डेट्रॉईटला लागून असलेल्या हॅमट्रॅमक या पोलिश लोकांच्या गावात अपोलोनिया दुदेकइतकी सरळ शिवण कुणाच्याच हातची नव्हती, आणि हे तिला स्वतःला चांगलं ठाऊक होतं. नवरा लोखंडाच्या ओतशाळेतल्या अपघातात गेल्यापासून एका शिवणयंत्रावर तिने घर चालवलं, लेक वाढवली आणि कुणापुढे हात पसरला नाही. कारखान्यातल्या माणसांचे फाटके कोट, पोरींचे पहिल्या कम्युनियनचे पांढरे झगे, नवरीचे पोशाख, सगळं तिच्याकडे यायचं. एखादी बाई शिलाईवरून घासाघीस करायला लागली, की अपोलोनिया कापडाची घडी घालून तिच्या हातात परत द्यायची. "पलीकडच्या गल्लीत स्वस्तात शिवतात. तिकडे शिवून घ्या. फक्त घातल्यावर वाकू नका," एवढंच म्हणायची.

दारूबंदी येऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. म्हणजे कायदा आला होता, दारू कुठेच गेली नव्हती. पूर्वी कोपऱ्यावर गुत्ता होता, तिथे फक्त पुरुष उभे राहायचे. आता तिथे मिठाईचं दुकान झालं, त्याच्या मागच्या दारातून आत गेलं की तीच माणसं बसलेली, आणि शेजारी सिगारेट ओढत त्यांच्या मेव्हण्या! अशा चोरट्या गुत्त्याला डेट्रॉईटकडे 'आंधळं डुक्कर' म्हणत. तळघरात ग्रामोफोन, सॅक्सोफोनचा कल्ला, आणि गुडघे हलवत केलेला तो नवा नाच. अपोलोनियाची लेक स्ताशा सिगारच्या कारखान्यात पानं वळायची आणि शनिवारी तोच नाच करायची. तिने वेणी कापून केस कानापर्यंत आखूड केले, त्या दिवशी आई तिच्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र कात्री घेऊन मागचे केस नीट सारखे करून दिले, कारण न्हाव्याने वाकडे कापले होते आणि वाकडं काही तिला बघवत नसे.

त्या काळात लग्न असो, बारसं असो, दारू बोलेकची. हा बोलेक कधीकाळी हातगाडीवर कोळसा विकायचा. आता त्याच्याकडे दुधी रंगाची मोटार होती, रेशमी शर्ट होते आणि रस्त्यात भेटेल त्याला नावाने हाक मारायची सवय होती. त्याच्या बाटल्यांवर चिठ्ठी कॅनडाची असायची, आतला माल मात्र कुठल्यातरी गॅरेजात बनलेला. कधीकधी त्यात लाकडाचं स्पिरिट असायचं. दोन वर्षांपूर्वी एका बारशाला स्ताशाचा धर्मपिता वॉइचेख तो माल प्याला आणि तिसऱ्या दिवशी त्याची दृष्टी गेली. वॉइचेख फिडल वाजवायचा, अजूनही वाजवतो. दारू कुणाची होती हे अख्ख्या गावाला माहीत होतं, आणि अख्ख्या गावाने तोंडाला कुलूप लावलं होतं.

स्ताशाचं लग्न लुद्विकशी ठरलं. पोरगा कारखान्यात दारं बसवायचा, साधा आणि हसरा. लग्नाच्या आदल्या आठवड्यात बोलेक स्वतः अपोलोनियाच्या दारात आला. टोपी काढली, यंत्राजवळच्या खुर्चीत बसला.

"मावशी, लग्नाची दारू माझ्याकडून. तुम्ही काही द्यायचं नाही."

"का रे? तू माझा कोण लागतोस?"

"सगळ्या गावाचा जो लागतो, तोच."

"वॉइचेखचाही?"

बोलेकने टोपीची कड चाचपली. मग आवाज खाली करून म्हणाला, "वॉइचेखच्या धर्मलेकीच्या लग्नात माझा माल असला ना मावशी, की लोकांची कुजबुज आपोआप बंद होते. तुमचंही भलं, माझंही भलं."

असं होतं तर. अपोलोनियाने सुईत दोरा ओवला, दाताने तोडला आणि दाराकडे बोट दाखवलं. "माझ्या लेकीच्या लग्नातून एकही माणूस चाचपडत घरी जाणार नाही. ऊठ."

तो गेला खरा, पण घरात दुसरंच भांडण उभं राहिलं.

"मग दारू नकोच आई," स्ताशा म्हणाली. "कॉफी देऊ. हल्ली चालतं."

"आणि दाराशी काय देऊ तुम्हा दोघांना? पाव, मीठ आणि कॉफी?" अपोलोनिया उसळली. आपल्या पोलिश लोकांत नवरा-नवरी चर्चमधून आले की आई दाराशी पाव, मीठ आणि पेला घेऊन उभी राहते. पेल्यात खरी दारू असते. दोघांनी प्यायची आणि पेला खांद्यावरून मागे फेकायचा. तिच्या आईने तिला दिला होता, आजीने आईला. "माझ्या आईने गाय विकून आणली होती ती बाटली. मी हेलेनाकडे जाते, विंडसरला. नदीपलीकडे कॅनडात सरकारी दुकानात चोख माल मिळतो."

स्ताशाला हसू आवरेना. "तू चोरून दारू आणणार? कंडक्टर तिकीट फाडायला विसरला तर त्याला हाका मारणारी तू?"

"हो, मीच. तुला पाठवू की काय? तुझा झगा गुडघ्यापाशी संपतो, त्यात रुमालसुद्धा लपत नाही."

आईचा जुना, घोट्यापर्यंतचा घोळदार झगा आणि त्याखालचे थरावर थर परकर यांची स्ताशाला इतकी वर्षं लाज वाटायची. मैत्रिणी आल्या की ती आईला आतल्या खोलीत बसवायची. अपोलोनियाला ते कळायचं, लागायचंही. आता त्याच परकराला तिने आतून जाड कापडाचे सहा खिसे लावले, दुहेरी टीप मारून, आणि आरशासमोर फिरून पाहिलं. बाहेरून एक सुरकुती दिसत नव्हती. असं काम तर तिने बिशपच्या झग्यावरही केलं नव्हतं, आणि दाखवणार कुणाला!

नदीपलीकडे चुलतबहीण हेलेनाने चपट्या बाटल्या लोकरीत गुंडाळून आणून ठेवल्या होत्या. खिशांत बसवताना दोघी म्हाताऱ्या शाळेतल्या पोरींसारख्या खिदळत होत्या. परतीच्या बोटीतून उतरताना मात्र अपोलोनियाचं हसू पळालं. जकातीच्या दारात झडती घेणारी एकच बाई होती आणि ती फरकोटवाल्या दोन तरुण पोरींचे कोट उलगडत होती. शिपायाने अपोलोनियाच्या डोक्यावरच्या रुमालाकडे आणि पायघोळ झग्याकडे पाहिलं, बाजूला सरकला. "चला आजीबाई, सांभाळून." ती बदकासारखी हळूहळू चालत बाहेर पडली. कुणाला तरी फसवलं म्हणून तिला लाज वाटली, आणि शिवण टिकली म्हणून तिला आनंदही झाला.

ट्राममधून ती आपल्या रस्त्यावर उतरली तेव्हा दुपारची गर्दी होती. बेकरीपुढे बायकांची रांग, समोर मोटारीला टेकून उभा बोलेक, चौकात एक आयरिश पोलीस. घर दोन दारांवर आलं होतं. तेवढ्यात घंटेचा बारीक आवाज आला.

मरणाला टेकलेल्या कुणाकडे तरी फादर पवित्र प्रसाद घेऊन निघाले होते. पुढे म्हातारा सेवेकरी घंटा वाजवत होता, मागे फादर हात छातीशी धरून, मान खाली घालून. आपल्याकडे ही घंटा ऐकली की माणूस असेल तिथे गुडघे टेकतो, चिखल असो की बर्फ. रांगेतल्या बायका बसल्या. पोलीसही बसला, तोही कॅथलिकच. बोलेकनेही टोपी काढून एक गुडघा टेकला. आणि अपोलोनिया? पन्नास वर्षांची सवय. डोक्यात विचार यायच्या आधी गुडघे वाकले, तिचे सगळे परकर फुटपाथवर आपटले आणि खालून खळ्ळकन आवाज आला.

मग वास सुटला. असला चोख वास त्या रस्त्याला कित्येक वर्षांत आला नव्हता. झग्याखालून एक ओघळ निघाला आणि फटीफटीतून गटाराकडे वाहू लागला. फादर तिच्या पुढून गेले. प्रसाद हातात असताना ते बोलत नाहीत, पण त्यांच्या नाकपुड्या हललेल्या सगळ्यांनी पाहिल्या. अपोलोनियाने डोळे मिटून क्रूस काढला. देवा, धरणी फाटली तर मी आत जाईन, असं तिला झालं.

घंटा लांब गेली. लोक उठले. बोलेक सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अगं बाई! मावशी, परकर गळतोय तुमचा. माझ्याकडून घ्या म्हटलं तर नाक मुरडलंत."

कुणीतरी हसलं. पोलीस जवळ आला, लाजून कानापर्यंत लाल झालेला. झग्याकडे बोट कसं करावं हे त्याला कळेना. "बाई, तुमच्याकडे काही... म्हणजे..."

अपोलोनियाला पळता आलं असतं, घर दोन दारांवर होतं. रडता आलं असतं, त्या पोराने तिला रडताना पाहून नक्की सोडलं असतं. तिने यातलं काही केलं नाही. बेकरीपुढच्या बायकांना तिने भोवती उभं राहायला सांगितलं, त्यांनी आपल्या शाली धरून आडोसा केला. तिने उरलेल्या बाटल्या एकेक करून काढल्या आणि फुटपाथवर ओळीत ठेवल्या.

"हो, दारू आहे," ती म्हणाली. "मी आणली. माझ्या लेकीच्या लग्नाच्या पेल्यासाठी. या माणसाचा माल मी घरात घेणार नाही, कारण याचाच माल पिऊन आमचा वॉइचेख आंधळा झाला. हे तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. मलाही माहीत होतं आणि दोन वर्षं मी गप्प बसले. आता न्या मला कुठे न्यायचं ते."

हे वाक्य गावात पहिल्यांदाच मोठ्याने बोललं गेलं होतं. पोलिसाने एकदा तिच्याकडे, एकदा बोलेककडे पाहिलं. मग बाटल्या उचलून एकेक गटारात ओतल्या, कायदा म्हणजे कायदा. "घरी जा बाई," तो हळूच म्हणाला. "गुडघा फुटलाय तुमचा." बोलेक मोटारीत बसला आणि दार धाडकन लावून निघून गेला.

शनिवारी लग्न लागलं. चर्चमधली मिस्सा संपल्यावर सगळी मंडळी हॉलच्या दाराशी आली तर तिथे बोलेकचा ट्रक उभा. आत खोक्यांवर खोकी, वर लाल रिबिन. ट्रकवाला म्हणाला, "बोलेकसाहेबांकडून भेट. घेतली नाही तर त्यांना फार वाईट वाटेल, असं सांगायला सांगितलंय." वाईट वाटेल म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकाला समजलं.

लुद्विकचे वडील वालेंती गर्दीतून पुढे आले. जाडजूड माणूस, ओतशाळेतला मुकादम. त्यांचा चेहरा पडला होता. "विहीणबाई, तुमचं म्हणणं कळतं मला. पण पाहुण्यांना कोरडं परत पाठवलं तर आमच्या घराण्याला लोक काय म्हणतील? आणि त्या माणसाशी वैर? पोरं इथेच राहणार आहेत. उतरवून घेऊ खोकी. कुणी प्यायचं, कुणी नाही, ज्याचं त्याने बघावं."

अपोलोनिया पाव आणि मीठ घेऊन उंबऱ्यावर उभी होती. पेल्यात साधं पाणी होतं. ते पाणी आता साऱ्यांना दिसत होतं आणि तिला त्याची लाज वाटत होती, खोटं कशाला बोलायचं? गाय विकणारी आई आठवत होती. तिने स्ताशाकडे पाहिलं. लग्न लेकीचं होतं. राहायचं तिला होतं. "तू सांग," ती म्हणाली. "तू म्हणशील तसं."

स्ताशा आखूड केसांवर जाळीची ओढणी लावून, गुडघ्याखाली जेमतेम पोचणारा पांढरा झगा घालून उभी होती. आईनेच तो शिवला होता, ओठ घट्ट मिटून. ती सासऱ्यांकडे वळली.

"मामंजी, माझी आई भर रस्त्यात सगळ्यांसमोर ओल्या परकरात उभी राहिली. माझ्यासाठी. तिने जे ओतलंय तेच मी पिणार. ज्याला हे पाणी नको असेल त्याने ट्रकमागे जावं, मी कुणाला अडवत नाही."

तिने पेला घेतला, अर्धा प्याली, लुद्विकला दिला. लुद्विकने वडिलांकडे एकदा पाहिलं आणि उरलेला एका दमात संपवला. मग दोघांनी मिळून तो खांद्यावरून मागे फेकला.

"फुटला का?" वॉइचेखने विचारलं. तो भिंतीशी फिडल घेऊन बसला होता.

"चुरा झाला, मामा," स्ताशा म्हणाली.

"मग मला दे ना एक. मला कुणी विचारणार की नाही!"

अपोलोनियाने दुसरा पेला भरून त्याच्या हातात दिला. त्याने हुंगला, सवयीने, आणि सावकाश प्यायला. त्याच्यामागून बेकरीवाली झोफिया पुढे आली. पेला घेऊन जरा थांबली. "माझा नवरा, फ्रानेक," ती म्हणाली. "ईस्टरला, याच मालाने गेला. आम्ही सगळ्यांना हृदयविकार सांगितला." मग पाणी प्याली. तिच्यामागे आणखी एक म्हातारा होता, त्याने आपल्या भावाचं नाव सांगितलं. मग एक तरुण पोरगी, केस स्ताशासारखेच आखूड. तिने नुसतं "बाबा" म्हटलं आणि रडायला लागली. दाराशी रांग लागली. इतकी वर्षं घरोघरी झाकून ठेवलेली माणसं एकामागून एक त्या उंबऱ्यावर येऊन उभी राहिली.

वालेंतींनी त्या रांगेकडे पाहिलं. मग ट्रकपाशी गेले आणि लाल रिबिनीचं खोकं त्यांनी स्वतःच्या हाताने आत ढकललं. "घेऊन जा," ट्रकवाल्याला म्हणाले. "आणि सांग तुझ्या साहेबाला, नाही म्हणणारा वालेंती आहे. बाईमाणसाच्या दारात येऊ नकोस म्हणावं, माझ्याकडे ये."

ट्रक वळून गेला. अपोलोनियाने ते पाहिलंच नाही. घागर रिकामी झाली होती आणि रांग अजून संपली नव्हती, म्हणून ती नळावर पाणी भरत होती. तिची मान ताठ होती आणि डोळे वाहत होते, आणि ते पुसायला तिचा हात मोकळा नव्हता.