मांगं पाहू नको

घाटंजीच्या बाजारात कौसल्याबाईंचा फोटो स्टुडिओ होता. नवरा गेल्यावर लोक म्हणाले, दुकान विकून टाका. बाईंनी कॅमेरा हातात घेतला. रडणारं लेकरू असो की बावरलेली नवरी, त्यांच्या आवाजानं माणूस निवांत व्हायचं. डोंगरदऱ्यांचे फोटो मात्र काढायचे राहूनच गेले होते. म्हणून यंदा हिवाळ्यात लेक पायल त्यांना टिपेश्वरच्या जंगलात घेऊन आली.

टेकडीच्या माथ्यावर जिप्सी थांबली. तिथं उतरायची मुभा होती. पायल पुढं जाऊन एका खडकावर उभी राहिली. तिच्यामागं सागाचा उतार, पलीकडं निळसर डोंगर. बाईंनी कॅमेरा डोळ्याला लावला.

पायलच्या मागं, उतारावरच्या वारुळाशी अस्वल होतं. पाठीवर पिल्लू.

पिल्लाची आई. पोरगी किंचाळली, पळाली, तर संपलं.

"पायल," बाई स्टुडिओतल्याच आवाजात म्हणाल्या, "मले चालतानाचा फोटो पाह्यजे. हळू ये माह्याकडं. मांगं पाहू नको."

"काहून?"

"फोटो बिघडते. हनुवटी खाली घे. हां, अशीच."

पायल निघाली. चार पावलांवर थांबली. "आई, किती वेळ? हात दुखत नाही का तुहा?"

"नाही दुखत. ये."

बाईंनी कॅमेरा खाली घेतला नाही. चेहरा दिसला असता तर पोरीला सगळं कळलं असतं. बटणावरचं बोट त्यांनी उचलून धरलं होतं. क्लिकचा आवाजही नको होता. अस्वलानं तोंड वर केलं, हवा हुंगली. वारा तिकडूनच येत होता, म्हणून त्याला माणसाचा वास लागला नाही. जिप्सीवाल्या जीवननंही ते पाहिलं होतं. त्यानं आवाज न करता दार उघडून धरलं.

पायल हाताशी येताच बाईंनी तिला आत ढकललं आणि स्वतः चढल्या. इंजिनाच्या आवाजासरशी अस्वल दोन पायांवर उभं राहिलं. पायलनं ते तेव्हा पाहिलं. गाडी वळणापार गेल्यावर तिनं विचारलं,

"केव्हापासून होतं ते?"

"तू खडकावर होती तवापासून."

"अन् तू फोटो काढून राह्यलती?"

"एकबी नाही काढला."

गेटाजवळच्या टपरीवर चहा आला. बाईंना कप उचलता येईना. पायलनं कप त्यांच्या ओठाला लावला आणि चहा संपेपर्यंत धरून ठेवला.